काच असू दे, पण सुटी असू दे

उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीतून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगाराच्या पँटचा खिसा उलटा करून झटकला, तर शिवणीतून चिमूटभर वाळू पडते. साचे भरायची सिलिका वाळू ती, म्हणजे जवळजवळ शुद्ध गारगोटी. त्याच खिशात फोन असतो. चालताना मांडी हलते, कापड फोनच्या स्क्रीनवर घासते आणि कापड नि स्क्रीन यांच्या मधे ते कण असतात. फोनची स्क्रीन काचेची बरी की प्लॅस्टिकची, हा प्रश्न बेळगाव भागात या खिशापासून सुरू करावा लागतो.

स्क्रीन फुटली की माणूस चिडतो आणि जुन्या फोनची आठवण काढतो. "आमचा तो साधा फोन पायरीवरून पडला, बांधावरून पडला, काय सुद्धा झालं नाही की. मग ही काच कशाला घातल्यात?" बेळगावच्या खडेबाजारापासून निपाणी-संकेश्वरापर्यंत दुरुस्तीच्या कुठल्याही काउंटरवर हे ऐकू येते. त्यातली तक्रार शंभर टक्के खरी आहे, सुचवलेला उपाय मात्र चुकीचा. फोनची बाहेरची बाजू काचेचीच हवी आणि आपल्या भागात तर ती जास्तच हवी. खरा अन्याय पुढे आहे. ही वरची काच आतल्या डिस्प्लेला अशी चिकटवलेली असते की तिला तडा गेला म्हणून उत्तम चालणारा डिस्प्लेही बदलावा लागतो. काच सुटी मिळावी, सुटी बदलता यावी, आणि ते कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता कायद्याने ठरवावे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी काच का, ते पाहू.

फ्रीडरिश मोह या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची दहा पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. वरच्या पायरीवरचा पदार्थ खालच्याला ओरखडतो, खालचा वरच्याला नाही. आपले नख २.५ च्या आसपास येते. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट, ही स्क्रीनसाठी चालण्यासारखी दोन्ही प्लॅस्टिके, २ ते ३ च्या मधे. पितळी किल्ली ३, चाकूचे पोलाद ५.५, फोनची मजबूत केलेली काच साधारण ६ आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, ७. याचा अर्थ किल्ली, नाणी किंवा खिशातली छोटी सुरी यांनी काचेवर चरा पडत नाही. प्लॅस्टिकवर किल्लीने तर पडतोच, जोर लावला तर नखानेही पडतो. काचेवर मात करणारी रोजच्या वावरातली मुख्य वस्तू एकच, वाळू.

आणि वाळूला आपल्याकडे तोटा नाही. फाउंड्र्यांचे सांगितलेच. खानापूरकडे मलप्रभेची वाळू आहे. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो तो वालुकाश्म आणि क्वार्टझाइटचा, म्हणजे गारगोटीच्याच कणांचा. बेळगाव, चिकोडी, निपाणी पट्ट्यातली खडी काळ्या बेसाल्टची. त्यातली खनिजे मोहच्या पट्टीवर ५ ते ६.५ वर बसतात, काचेच्या अगदी बरोबरीची. बांधकामावर हल्ली जी एम-सँड येते ती हाच दगड फोडून केलेली असते आणि तिचे कण नदीच्या वाळूसारखे वाहत येऊन गोल झालेले नसतात, त्यांना कडा असतात. मळणीच्या दिवसांत उडणाऱ्या भाताच्या तुसात सिलिका असते. उसाच्या पाल्याची कड हात कापते, तिच्यातही सिलिकाच भरलेली असते. अशा ठिकाणी उघडी प्लॅस्टिकची स्क्रीन थोड्याच दिवसांत धुरकट होते. एकेक चरा दिसणार नाही इतका बारीक असतो, पण हजारो चरे मिळून उजेड विखुरतात. घरात बसून वाचता येते. अथणीच्या उन्हात, बांधावर उभे राहून आलेला ओटीपी वाचायचा म्हटले की स्क्रीन पांढरी दिसते.

प्लॅस्टिकवर कठीण लेप देता येतो, हे खरे आहे. चष्म्याच्या प्लॅस्टिक भिंगांवर तो असतोच. पण हा लेप काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायचा. त्याच्या खालचे प्लॅस्टिक मऊच राहते. गादीवर पापड ठेवून बोटाने दाबला तर पापड कितीही कडक असो, मोडतो. कारण खालची गादी दबते. टोकदार कण स्क्रीनवर दाबला गेला की लेपाचे नेमके हेच होते. एकदा लेप तडकला की त्या जागेपासून पुढे तो सुटत जातो आणि पहिल्यापेक्षा वाईट दिसतो.

हे नुसते तर्काने मांडलेले नाही. पहिला आयफोन जानेवारी २००७ मध्ये दाखवला गेला तेव्हा त्याची पुढची बाजू प्लॅस्टिकची ठरलेली होती. जूनमध्ये, विक्रीला जेमतेम दोन आठवडे राहिले असताना, ती काचेची केल्याचे कंपनीने जाहीर केले. खिशातल्या किल्ल्यांनी ओरखडे पडत होते. उलट दिशेचा प्रयोगही झाला. मोटोरोलाने २०१५ मध्ये अमेरिकेत ड्रॉइड टर्बो २ आणला. तोच फोन २०१६ मध्ये भारतात मोटो एक्स फोर्स म्हणून आला. त्याच्या स्क्रीनचे वरचे थर काचेचे नसून प्लॅस्टिकचे होते आणि ती खरोखर फुटत नव्हती. पण ओरखडत होती. २०१७ च्या मोटो झेड २ फोर्सच्या स्क्रीनवर तर नखाने खुणा उठतात हे चाचण्यांत उघड झाले. या फोनची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: टर्बो २ ची सर्वांत वरची प्लॅस्टिकची चकती वापरणाऱ्याला स्वतः काढून नवी लावता येईल अशी केलेली होती. प्लॅस्टिक झिजणार हे कंपनीला माहीत होते, म्हणून तिने ते सुटे ठेवले. काच फुटणार हेही सगळ्यांना माहीत आहे. मग ती सुटी का नाही?

त्याकडे येण्याआधी प्लॅस्टिकविरुद्धचे आणखी दोन मुद्दे सांगितले पाहिजेत, कारण ते सहसा कुणी बोलत नाही.

पहिला ताठरपणाचा. काच प्लॅस्टिकच्या साधारण पंचवीस पट ताठ असते. पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ०.६ मिलिमीटरच्या काचेइतका न वाकणारा प्लॅस्टिकचा तुकडा हवा असेल तर तो सुमारे तिप्पट, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर जाड घ्यावा लागतो. आता टचचे बघा. आपल्या बोटामुळे काचेखालच्या जाळीत विद्युतभाराचा जो फरक पडतो, तो मधल्या पदार्थाचा विद्युत गुण (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) भागिले जाडी या प्रमाणात असतो. काचेचा तो गुण ७ च्या आसपास, प्लॅस्टिकचा ३. हिशेब केला तर तिप्पट जाड प्लॅस्टिकखाली टचला मिळणारा इशारा काचेच्या सातव्या हिश्श्यावर येतो. भर पावसात, ओल्या बोटाने, कणकुंबी किंवा जांबोटीला बसथांब्यावर उभे राहून फोन लावायचा तर हा फरक जाणवतो. आणि पातळ प्लॅस्टिक घ्यावे तर ते वाकते.

ते वाकले की दुसरा मुद्दा येतो. साध्या, स्वस्त फोनमध्ये एलसीडी असतो. एलसीडी म्हणजे दोन पातळ काचांच्या मधे भरलेला द्रव. वरचे आवरण प्लॅस्टिकचे केले तरी आतल्या या काचा राहतातच, आणि आवरण जितके लवचीक तितका धक्का सरळ त्यांच्यापर्यंत पोचतो. मग बाहेरून फोन अगदी धड दिसतो, आत शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतो. मोटोरोलाला प्लॅस्टिक जमले ते आतले ॲमोलेड पॅनेलही, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो तो डिस्प्लेही, प्लॅस्टिकवर बनवलेला होता म्हणून. दहा-बारा हजारांच्या एलसीडी फोनवर नुसते वरून प्लॅस्टिक लावणे म्हणजे फुटणारी वस्तू बदलणे, फुटणे थांबवणे नाही.

घडीच्या फोनचा दाखला देऊन कुणी म्हणेल की आता प्लॅस्टिकच पुढचे आहे. २०१९ मध्ये सॅमसंगच्या पहिल्या घडीच्या फोनवरचे प्लॅस्टिकचे आवरण काही परीक्षकांनी स्क्रीनगार्ड समजून सोलले आणि स्क्रीनच गेली. एप्रिलची विक्री सप्टेंबरवर गेली. पुढच्याच वर्षी त्या कंपनीने केसाहून पातळ, ३० मायक्रॉनची काच आत घातली. तिच्यावर आजही प्लॅस्टिकचा थर असतो आणि त्यावर नखाने खुणा उठतात. घडीला पर्याय नाही म्हणून तो आहे, टिकतो म्हणून नाही. बाकी पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांनी पॉलिकार्बोनेट खराब होते, सॅनिटायझरने ॲक्रिलिकला जाळीसारख्या बारीक भेगा पडतात, ऊन लागून पारदर्शक कव्हर पिवळे पडते हे तर गॅरेजवाल्यांनी आणि आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहे.

आता काचेची बाजू. काच कठीण असते आणि तरी फुटते, यात विसंगती वाटते पण नाही. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये दाखवले की काचेची ताकद तिच्या पृष्ठभागावरच्या बारीक भेगा ठरवतात. ताण त्या भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि भेग पळते. म्हणून फोनची काच बनवताना ती सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे लहान आयन बाहेर येतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. तिघांच्या बाकड्यावर चार जण दाटीवाटीने बसावेत तसा पृष्ठभाग आवळला जातो. आता भेग उघडायची तर आधी ही दाटी मोडावी लागते. कॉर्निंग कंपनीचे हे तंत्र १९६० च्या दशकातले. फोनसाठी ते २००७ पासून कामाला आले.

पण हा आवळलेला थर जाडीला केसाएवढा, थोडा कमी-जास्त. खडीचा एखादा कोपरा त्याच्याही खाली घुसला तर काच लगेच जाते. आणि लगेच नाही गेली तरी वाळूचा प्रत्येक चरा त्या थरात थोडा थोडा खड्डा पाडून ठेवतो. "दहा वेळा पडला, काही झालं नाही; काल पलंगावरून खाली पडला आणि फुटला," हे दुरुस्तीवाल्याला रोज ऐकावे लागते. ते खोटे नसते. आधीच्या पडण्यांनी आणि खिशातल्या वाळूने काम करून ठेवलेले असते, पलंग निमित्त होतो. २०० ग्रॅमचा फोन एक मीटरवरून पडला तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो, ऊर्जा साधारण २ ज्यूल. ही काही फार मोठी ऊर्जा नाही. गुळगुळीत फरशीवर सपाट पडला तर ती सगळ्या काचेवर वाटली जाते आणि फोन बहुतेक वेळा वाचतो. तेवढ्याच उंचीवरून अर्धवट डांबरीकरण झालेल्या रस्त्यावर पडला तर तीच ऊर्जा खडीच्या एका टोकावर येते. कोपऱ्यावर पडणे त्याहून वाईट, कारण काचेची कापलेली कड हीच तिची सर्वांत दुबळी जागा.

मग जुने फोन का फुटत नव्हते? नोकिया ११०० चे वजन ८६ ग्रॅम होते, आजच्या फोनच्या निम्म्याहून कमी. स्क्रीन काडेपेटीच्या निम्म्याएवढी आणि कवचाच्या आत बुडालेली. पडला की मागचे झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. ऊर्जा त्या उसळण्यात खर्च व्हायची. आणि त्याची प्लॅस्टिकची खिडकी ओरखडून आंधळी व्हायचीच, हे आपण विसरलो आहोत. तेव्हा माणूस काय करायचा? बाजारात जाऊन नवे कव्हर घ्यायचा, जुने काढायचा, नवे दाबून बसवायचा. खिडकी त्या कव्हरबरोबर बदलली जायची. आतल्या डिस्प्लेला हातही लागत नसे. आपल्याला आठवण येते ती प्लॅस्टिकची नाही. बाहेरचा झिजणारा भाग आतल्या महाग भागापासून वेगळा होता, त्याची आठवण येते.

स्पर्शाच्या फोनांतही सुरुवातीला हे होते. वर काच आणि तिला चिकटलेला टच, मधे हवेची फट, खाली एलसीडी. "टच गेला" म्हटले की फक्त टच बदलायचा, थोडक्या पैशांत. पुढे काच, टच आणि डिस्प्ले पारदर्शक चिकटीने एकजीव केले गेले. दुकानात त्या चिकटीला ओसीए म्हणतात आणि एकजीव झालेल्या तुकड्याला फोल्डर किंवा कॉम्बो. तेव्हापासून वरच्या तड्याची किंमत अख्ख्या फोल्डरइतकी झाली.

यात कंपन्यांची बाजू आहे आणि ती ऐकली पाहिजे. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. हवेची फट म्हणजे असे दोन जादा पृष्ठभाग, ८ टक्के जादा चकाकी. फट भरून काढल्यामुळे उन्हात स्क्रीन जास्त स्पष्ट दिसते, आत धूळ आणि दमट हवा शिरत नाही. हा फायदा सोडा असे आम्ही म्हणत नाही. चिकटवा. पण पुन्हा सोडवता येईल असे चिकटवा.

कारण सोडवता येते, हे आपल्या गल्लीतली दुकाने रोज दाखवतात. सुमारे ८० अंशांच्या तापलेल्या पाटावर फोल्डर उलटा ठेवतात, खालून हवेने ओढून धरतात. मॉलिब्डेनमची केसाहून पातळ तार काच आणि पॅनेल यांच्या मधे घालून दोन्ही हातांनी करवतीसारखी ओढत नेतात. तार चिकटीतूनच गेली पाहिजे. एलसीडी असेल तर थोडे चुकलेले खपते, ॲमोलेडमध्ये तार जराशी खाली उतरली की हिरवी रेघ उभी राहते आणि पॅनेल संपते. काच सुटली की जुनी चिकट बोटाने नि द्रावणाने गोळा करून काढतात, नव्या ओसीएची पाव मिलिमीटरची शीट आणि नवी काच बसवतात, हवा काढलेल्या यंत्रात दाबतात आणि मग बुडबुडे जिरवायला दाबाच्या पेटीत ठेवतात. धुळीचा एक कण राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. हे काम करणारी कसबी पोरे बेळगावात आहेत. त्यांच्याजवळ नाही ती अस्सल काच, नेमकी चिकट, आणि कुठल्या मॉडेलची चिकट किती तापमानाला सुटते याची कंपनीकडून मिळालेली माहिती. सगळे अंदाजाने, नासवून शिकायचे. नासले तर भरपाई कोण करणार, म्हणून बहुतेक दुकानदार हे कामच घेत नाहीत आणि सरळ "फोल्डर टाकावा लागेल" म्हणतात. अधिकृत सेवा केंद्रातही फोल्डरच टाकतात, काही मॉडेलमध्ये फ्रेमसकट.

अस्सल फोल्डर परवडत नाही म्हणून माणूस कॉपी घेतो, आणि इथून खरे नुकसान सुरू होते. ॲमोलेडच्या जागी एलसीडीची कॉपी बसवली की स्क्रीनखालचा बोटाचा ठसा चालत नाही, कारण त्या सेन्सरला लागणारा उजेड एलसीडीच्या मागच्या थरातून आरपार जात नाही. कॉपी जाडीला जास्त असते, म्हणून कड फ्रेमच्या वर राहते आणि पुढच्या पडण्यात आधी तीच आपटते. कारखान्यातली पाणीरोधक पट्टी गेलेली असते. तिच्या जागी बी-७००० गम हाताने फिरवलेला. हा गम पूर्ण सुकायला एक-दोन दिवस लागतात, पण गिऱ्हाईक थांबत नाही, रबरबँड लावून अर्ध्या तासात फोन हातात देतात. जूनमध्ये खानापूरकडचा पाऊस सुरू झाला की अशा फोनच्या कडेने पाणी आत जाते आणि मग स्क्रीनबरोबर बोर्डही जातो.

फोन आज चैनीची वस्तू राहिलेला नाही. उतारा, रेशन, पिकाची नोंद, गॅसचे बुकिंग, मुलांच्या शाळेचा निरोप, बँकेचा ओटीपी, सगळे त्याच्यातून जाते. टच बंद पडलेला फोन म्हणजे या सगळ्याला कुलूप. आणि सेवा केंद्रासाठी निपाणीच्या माणसाला कोल्हापूर किंवा बेळगाव, लोंढ्याच्या माणसाला बेळगाव किंवा हुबळी, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनसाठी नियम लागू केले आहेत. ४५ वेळा पडूनही फोन चालू राहिला पाहिजे, स्क्रीन मोहच्या ४ क्रमांकाच्या पदार्थाने ओरखडता कामा नये, आणि विक्री बंद झाल्यावरही ७ वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत. ४ क्रमांकाच्या अटीत उघडे प्लॅस्टिक बसतच नाही. पण त्यांच्या सुट्या भागांच्या यादीतही संपूर्ण डिस्प्लेचाच तुकडा आहे, नुसती काच नाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल दिला. फोन किती सहज दुरुस्त होतो याचे गुण त्यावर छापले जावेत असा त्याचा हेतू. हे गुण ठरवताना युरोपची यादी उचलून चालणार नाही. वरची काच आणि तिची चिकट हा स्वतंत्र सुटा भाग धरावा. तो कंपनीने अधिकृत केंद्राबाहेरच्या दुकानालाही विकावा. चिकट किती अंशाला सुटते, काच कुठल्या कडेपासून उचलायची, हे छापील द्यावे. आणि खोक्यावर दोन आकडे असावेत: पूर्ण डिस्प्लेची किंमत आणि नुसत्या काचेची किंमत. मग बारा हजारांचा फोन घेणाऱ्याला घेतानाच कळेल की पुढे काय वाढून ठेवले आहे. कंपन्या म्हणतील की बाहेरच्या दुकानात दर्जा राहणार नाही. दर्जा आज राहत नाही तो अस्सल माल आणि माहिती अडवून ठेवल्यामुळे.

तोवर हातात काय आहे? प्लॅस्टिकचे खरे काम इथे आहे, काचेभोवती. कडा काचेपेक्षा निदान अर्धा मिलिमीटर उंच असलेले मऊ टीपीयूचे, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकचे, कव्हर कोपऱ्यावरचा धक्का जास्त वेळात पसरवते. हा सर्वांत मोठा बचाव आणि सर्वांत स्वस्त. वर टेम्पर्ड काच लावावी, साधारण ०.३३ मिलिमीटरची. ती पडण्यापासून वाचवते त्यापेक्षा ओरखड्यापासून जास्त वाचवते, आणि मुख्य काचेवर चरे नसणे हीच तिची ताकद हे वर सांगितले. पाकिटावरचे "९एच" म्हणजे मोहचे ९ नव्हे. ती पेन्सिलीची चाचणी आहे, ७५० ग्रॅम वजनाखाली ४५ अंशांत धरलेल्या ९एच पेन्सिलीने चरा पडत नाही एवढाच तिचा अर्थ. वाळू पेन्सिलीहून कितीतरी कठीण. "११डी", "२१डी" या आकड्यांना तर कुठलेही मानक नाही, त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. टेम्पर्ड तडकली की लगेच बदलावी. भेगेतून शिरलेली वाळू खाली अडकते आणि मुख्य काचेवर फिरत राहते. वळणदार कडांच्या फोनला यूव्ही गमची (अतिनील उजेडाने घट्ट होणाऱ्या पातळ गमची) काच लावायची तर आधी स्पीकरची जाळी आणि बटणांच्या फटी पट्टीने बंद केल्यात का ते बघावे, नाहीतर गम आत उतरतो. फाउंड्रीत, खडी केंद्रावर, मळणीवर काम असेल तर फोन खिशात टाकण्याआधी झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालावा. टच पिशवीवरूनही चालतो.

स्क्रीन फुटलीच, तर त्या दिवशीच वर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावावी. कच बोटात जात नाही आणि ओल आत शिरायला वेळ लागतो. टच आणि चित्र दोन्ही ठीक असतील तर आधी नुसती काच बदलणारे दुकान शोधावे. फोल्डर टाकायचाच असेल तर जुना फोल्डर परत मागावा, किंवा त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी: काच फुटलेले पण चालू पॅनेल नवी काच लावून पुन्हा वापरण्यासाठी व्यापारी विकत घेतात. बिल घ्यावे आणि त्यावर अस्सल की कॉपी, एलसीडी की ॲमोलेड, हे लिहून घ्यावे. बिल न देणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडणारा प्रकार आहे. सीमाभागात याच कायद्यातली आणखी एक तरतूद फार उपयोगाची: तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते. निपाणीच्या माणसाने कोल्हापुरात फोन घेतला तरी त्याला बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता येते.

म्हाताऱ्या माणसासाठी किंवा लहान पोराच्या हाती द्यायला बटणांचा, प्लॅस्टिकच्या खिडकीचा साधा फोनच घ्यावा; तिथे कच हातात जाण्याची भीती ओरखड्यापेक्षा मोठी आहे. इतरांनी नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी दुकानदाराला विचारावे, "याची नुसती काच मिळते काय, का फोल्डरच टाकायला लागतो?" उत्तर बहुतेक वेळा "फोल्डरच" असेल. तरी विचारावे. दुकानदार वितरकाला, वितरक कंपनीच्या माणसाला हेच विचारू लागेल, आणि निर्देशांकाचे गुण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर काचेची स्वतंत्र ओळ यायला हा प्रश्न वरपर्यंत पोचलेला असावा लागतो.